नशिबाला दोष देण्याआधी एक अर्ज लिहा

समजा, मे महिन्यातली संध्याकाळ आहे. परीक्षा संपवून तुम्ही वैरागला घरी आलाय. वळवाचं आभाळ भरून येतं, वारं सुटतं, लाईट जाते. अर्ध्या तासाने येते ती अशी, की पंखा सुसाट आणि बल्ब भगभगीत. शेजारच्या घरात मात्र मिणमिणता उजेड. मग ‘फट्’ असा आवाज, टीव्हीतून धूर, फ्रिज गप्प. आई म्हणते, “जाऊ दे, नशीब आपलं.” वडील बार्शीत नव्या टीव्हीची किंमत विचारायला लागतात.

माझं म्हणणं एवढंच, की यात नशीब कमी आणि न्यूट्रल जास्त असते.

डीपीपासून गल्लीत तीन फेज आणि एक न्यूट्रल येते. फेज आणि न्यूट्रलमध्ये साधारण २३० व्होल्ट असतात, तर दोन फेजमध्ये ४०० च्या आसपास. न्यूट्रल तुटली किंवा तिचा जोड सैल झाला, की वेगवेगळ्या फेजवरची घरं एकामागे एक जोडल्यासारखी होतात. ज्या फेजवर कमी उपकरणं चालू, तिथे व्होल्टेज चढतं. जिथे जास्त, तिथे उतरतं. तुमचा बल्ब भगभगतो आणि शेजाऱ्यांचा मिणमिणतो, तो यामुळे.

“आमच्याकडे एमसीबी आहे की!” असं म्हणू नका. एमसीबी जास्त करंटला पडतो, जास्त व्होल्टेजला नाही. त्यासाठी ओव्हर-व्होल्टेज प्रोटेक्टर वेगळा मिळतो. तो नसेल, तर बल्ब भगभगताना दिसताच मेन स्विच बंद करा. हात कोरडे आणि पायात चप्पल हवी. आणि कुणी कितीही आग्रह केला, तरी डीपीला हात लावायचा नाही. टीव्ही परत घेता येतो, माणूस नाही.

आता मुद्द्याचं. नुकसान झाल्यावर आपण दोन चुका करतो. पहिली, वस्तू लगेच भंगारात. बऱ्याच उपकरणांत आत येणाऱ्या विजेपाशी एक फ्यूज आणि व्हॅरिस्टर नावाचा छोटा पार्ट असतो. तो स्वतः जळून पुढचं वाचवायचा प्रयत्न करतो. कधी कधी तेवढंच बदलून काम भागतं. म्हणून “आख्खा बोर्ड गेला” ऐकल्यावर मेकॅनिकला जळालेला भाग दाखवायला सांगा आणि बिलावर कारण लिहून घ्या.

दुसरी चूक मोठी : आपण तक्रारच करत नाही. “एका टीव्हीसाठी कोण चकरा मारणार? आणि लाईनमन तर आपल्याच ओळखीचा.” अहो, तक्रार लाईनमनच्या विरोधात नाहीच. भर पावसात खांबावर तोच चढतो. सैल जोडाची नोंद कागदावर आली, तर त्याचाही जीव सुरक्षित राहील. गल्लीतल्या दहा घरांचं नुकसान झालं आणि अर्ज एकही नाही, तर कागदोपत्री त्या रात्री काही घडलंच नाही!

रस्ता सरळ आहे. १९१२ वर फोन करून तक्रार क्रमांक घ्या. वेळ, जळालेल्या वस्तूंचे फोटो, ग्राहक क्रमांक, बिलं जमवा. शेजाऱ्यांच्या सह्या घेऊन लेखी अर्ज द्या आणि पोहोच घ्या. दाद लागली नाही, तर २००३ च्या वीज कायद्यानुसार ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्यावर विद्युत लोकपाल. मंचाकडे जायला वकील लावायची गरज नाही.

भरपाई मिळेलच, असं मी म्हणणार नाही. दोष पुरवठ्यात होता, हे दाखवावं लागतं. कधी तो आपल्याच घरच्या जुन्या वायरिंगमध्येही निघतो. पण शोधलं तरच कळणार ना!

आणि हे काम घरात कुणी करायचं? आईवडिलांना अर्जाची भाषा अवघड वाटते. तुमच्या हातात मोबाईल आहे, लिहिता येतं, सुट्टीही आहे. रील करायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात अर्ज होतो. पुढच्या वळवाच्या आत गल्लीतली तार नीट झाली, तर त्याचं श्रेय नशिबाला देऊ नका.