थायरॉइडच्या दोन गोळ्या

आपल्याकडे थायरॉइड हा अवयव राहिलेला नाही, तो रोग झालाय. "तिला थायरॉइड आहे" म्हटलं की ऐकणारा हळहळतो. अहो, थायरॉइड सगळ्यांनाच असतो! शाळेच्या पुस्तकातली ती अवटु ग्रंथी, गळ्यात श्वासनलिकेला बिलगून बसलेली, फुलपाखराच्या आकाराची. तक्रार असते ती तिचं काम कमी किंवा जास्त झाल्याची.

बोईसर-तारापूरकडे या रोगाला आणखी एक शेपूट असतं : "प्लँटमुळे." गळा सुजला, केस गळले, वजन वाढलं, की बोट तारापूरच्या अणुवीजकेंद्राकडे जातं. दुसरीकडे, "काही होत नाही हो" म्हणून सगळंच उडवून लावणारेही आहेत. मला ही दोन्ही उत्तरं आळशी वाटतात. १९६९ पासून ज्यांच्या शेजारी अणुभट्टी आहे, त्यांना या ग्रंथीचं काम इतरांपेक्षा जरा जास्त माहीत असायला हवं.

काम तसं साधं आहे. रक्तातलं आयोडीन खेचून घ्यायचं, त्यापासून थायरॉक्सिन बनवायचं आणि रक्तात सोडायचं. थायरॉक्सिनच्या एका रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. शरीराची भट्टी किती जोरात पेटवायची हे ते ठरवतं. लहान मुलांच्या मेंदूची वाढसुद्धा त्यावरच अवलंबून. वर मेंदूखाली बसलेली पीयूषिका ग्रंथी मुकादमासारखी लक्ष ठेवते. माल कमी पडला की ती टीएसएच नावाचं हार्मोन जास्त सोडते, पुरेसा झाला की हात आखडते. म्हणून तर रिपोर्टात टीएसएच वाढलेलं दिसलं की थायरॉइडचं काम कमी पडतंय असा अर्थ असतो. आयोडीनच मिळालं नाही तर मुकादम ओरडत राहतो, ग्रंथी फुगत जाते, आणि त्यालाच आपण गलगंड म्हणतो.

आता मुख्य मुद्दा. या ग्रंथीला आयोडीनची भूक कळते, आयोडीनची जात कळत नाही. युरेनियमच्या विखंडनात आयोडीन-१३१ तयार होतं. एरवी ते इंधनाच्या नळ्यांत बंद असतं. मोठ्या अपघातात बाहेर पडलं तर ग्रंथी तेही तितक्याच आवडीने साठवते. १९८६ साली चेर्नोबिलनंतर तिथल्या मुलांच्या पोटात ते मुख्यतः दुधातून गेलं आणि पुढे हजारो जणांना थायरॉइडचा कॅन्सर झाला. तिथल्या आहारात मुळातच आयोडीन कमी होतं, म्हणजे उपाशी ग्रंथीने जास्तच ओढून घेतलं. गंमत अशी की याच आंधळेपणावर उपचारही उभा आहे. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये १९६३ पासून थायरॉइडच्या रुग्णांना हेच आयोडीन-१३१ मोजून देतात. ते थेट दुखऱ्या पेशींपर्यंत जातं, कारण ग्रंथी स्वतःच ते आत घेते.

अपघाताच्या वेळी द्यायची गोळी असते पोटॅशियम आयोडाइडची. ग्रंथीला साध्या आयोडीनने तुडुंब भरायचं, म्हणजे किरणोत्सारी आयोडीनला जागाच उरत नाही. आणि इथेच घोळ होतो. आपल्या घराघरांत सकाळी उपाशीपोटी घेतात ती "थायरॉइडची गोळी" म्हणजे तयार थायरॉक्सिन. ती अपघातात ग्रंथीचं रक्षण करत नाही. आणि आयोडाइडची गोळी रोजच्या थायरॉइडवरचं औषध नाही. मनाने घेतली तर उलट ग्रंथी बिघडू शकते. नाव एक, कामं दोन.

मिठाने भागेल का? हिशोब करा. मोठ्या माणसाला रोज १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं. घरापर्यंत पोचलेल्या आयोडीनयुक्त मिठात किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम असावं असा नियम आहे, म्हणजे दहा ग्रॅम मिठात दिवसाची गरज भागते. अपघाताच्या गोळीत असतं १०० मिलिग्रॅम. तेवढ्यासाठी साडेसहा किलोहून जास्त मीठ खावं लागेल! २०११ साली फुकुशिमानंतर चीनमध्ये लोकांनी दुकानांतलं मीठ संपवलं, ते फुकटच. मात्र रोजचं आयोडीनयुक्त मीठ सोडू नये, ते याच कारणासाठी : पोट भरलेली ग्रंथी कमी हावरी असते. "आम्ही मासे खातो, आम्हाला कशाला?" म्हणत स्वयंपाकातही मिठागराचं खडेमीठ वापरणाऱ्या नातेवाइकांनी हे जरा मनावर घ्यावं. ते मीठ मासळी खारवायला ठीक आहे.

राहिला प्रश्न "प्लँटमुळे"चा. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या आठ शहरांच्या पाहणीत दहातल्या एकाहून थोड्या जास्त प्रौढांचं थायरॉइडचं काम कमी आढळलं. त्यात कोलकाता होतं, अहमदाबाद होतं. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर उलटणं हे याचं नेहमीचं कारण. तेव्हा शेजारच्या काकूंचं वाढलेलं टीएसएच हा तारापूरविरुद्धचा पुरावा होत नाही. पण म्हणून प्रश्न विचारणं थांबवायचं असंही नाही. फक्त योग्य प्रश्न विचारू या : आयोडाइडच्या गोळ्या कुठे ठेवल्या आहेत? वाटणार कोण? लहान मुलांना आणि गरोदर बायकांना आधी मिळतील ना? त्या वेळेवरच घ्यायच्या असतात, किरणोत्सार पोचण्याच्या थोडं आधी किंवा लगेचच्या काही तासांत, आणि सांगितल्याशिवाय नाही. त्या फक्त थायरॉइडला वाचवतात, बाकी शरीराला नाही. हे बोईसरच्या प्रत्येक शाळेत, पाड्यावर, चाळीत लोकांना आधीच ठाऊक हवं. भोंगा वाजल्यावर समजावून सांगायला वेळ नसतो.

ग्रंथीला दोन आयोडीनमधला फरक कळत नाही, कळणारही नाही. आपल्याला निदान दोन गोळ्यांमधला तरी कळावा.