लिंबची विहीर, वाईचा घाट आणि माझी एक चूक



खरिपाची मळणी उरकली, रब्बीची पेरणी होऊन पहिली खुरपणी झाली, की शेतकऱ्याच्या घरात चार दिवस जरा सैल सापडतात. या दिवसांत नेहमी मी तुम्हाला हरभऱ्यावरची घाटेअळी आणि गव्हाचे पाणी यांविषयी सांगतो. या वेळी म्हणतो, दोन दिवस घर सोडा. कारभारणीला, म्हातारीला आणि पोरांना बरोबर घ्या. गडीमाणूस बाजाराला जातो, तालुक्याला जातो, लग्नाकार्याला जातो. बाईमाणूस मात्र माहेर आणि देवदर्शन यांपलीकडे फारसे कुठे जात नाही. एकदा एका वहिनींना मी हे बोललो तेव्हा त्या म्हणाल्या, "साहेब, म्हशीची धार कोण काढणार ते आधी सांगा, मग आम्ही निघतो." प्रश्न रास्त आहे. त्याला उत्तर शेजार. एका सुट्टीला तुम्ही त्यांची धार काढा, दुसऱ्या सुट्टीला ते तुमची काढतील.

जायचे कुठे? लांब जायचे कारण नाही. सातारा जिल्ह्यात कृष्णेच्या काठाने दोन दिवसांत पाहून होतील अशी तीन-चार गावे आहेत, आणि शेतकऱ्याच्या डोळ्याला तिथे पाहण्यासारखे पुष्कळ आहे.

पहिले गाव लिंब. साताऱ्याहून पुण्याच्या दिशेने पंधरा-सोळा किलोमीटरवर महामार्ग सोडून आत वळायचे. गाव तुमच्या-आमच्या गावासारखेच आहे, उसाचे फड, गोठे, पारावर बसलेली माणसे. पण गावाबाहेर शेरेवाडीच्या शिवारात एक विहीर आहे. तिला बारा मोटांची विहीर म्हणतात. विहिरीवर शिलालेख आहे आणि त्यावरून ती शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४ या काळात श्रीमंत वीरूबाई भोसले यांनी बांधवली असे समजते. साताऱ्याच्या गादीवर तेव्हा थोरले शाहू महाराज होते. इथल्या आमराईला पाणी देण्यासाठी ही विहीर बांधली असे सांगतात.

वरून पाहिले तर मुख्य विहीर अष्टकोनी आणि तिला जोडून एक लहान चौकोनी विहीर, असा महादेवाच्या पिंडीसारखा आकार दिसतो. रुंदी सुमारे पन्नास फूट, खोली एकशे दहा फुटांच्या आसपास. सगळे बांधकाम घडीव काळ्या दगडाचे. रुंद पायऱ्यांनी दरवाजातून खाली उतरायचे. दोन विहिरींच्या मधल्या भागावर चक्क एक छोटा महाल आहे. त्याच्या खांबांवर कोरीवकाम आहे, भिंतींवर हत्ती आहेत, शरभ आहेत. छत्रपती प्रतापसिंह महाराजांची खलबते इथे चालत असे सांगतात. ते असो. मला त्या महालाचे कौतुक वेगळ्या कारणासाठी वाटते. भर उन्हाळ्यात बाहेर अंग भाजत असावे आणि तिथे येऊन बसावे. खालून पाण्याचा गारवा येतो, वर दगडाचे छप्पर. विजेचा पंखा नको, काही नको.

आता वर या आणि मोटेच्या जागा पाहा. पंधरा मोटांची सोय आहे, त्यांपैकी बारा एका वेळी चालत, म्हणून बारा मोटांची विहीर. तरुण वाचकांना मोट ठाऊक नसेल. कातड्याची मोठी पखाल, तिला खाली सोंड. पखालीला नाडा आणि सोंडेला सोंदूर, असे दोन दोर. विहिरीच्या कडेवर चाक. बैल धावेवरून उताराला चालत गेले की भरलेली मोट वर येई, सोंडेचे तोंड थारोळ्यात मोकळे होई आणि पाणी पाटाला लागे. मग बैल उलट्या पावली मागे सरत आणि रिकामी मोट पुन्हा खाली जाई. उताराचा उपयोग किती हुशारीने केला आहे पाहा. ओझे ओढताना बैलाचे स्वतःचे वजन त्याच्या मदतीला येते.

आता हिशेब करा. बारा मोटा म्हणजे निदान बारा जोड्या, चोवीस बैल. मोट मोठी असेल तर एका मोटेला दोन जोड्याही जुंपत. बारा मोटकरी, आणि पाटावर दारे धरणारी माणसे वेगळी. पहाटे चांदणी उगवल्यापासून ही सगळी चाके एकदम कुरकुरत असतील तेव्हा शिवारात काय आवाज उठत असेल! माझ्या लहानपणी आमच्या विहिरीवर इंजिन आले होते, पण मोटेचे चाक अजून काढलेले नव्हते. आजोबा कधी मधी त्यावर हात ठेवून उभे राहत. काय आठवत असत कोण जाणे, आम्ही कधी विचारले नाही.

दोन गोष्टी सांगून ठेवतो. विहीर खोल आहे, पोरांचा हात सोडू नका. आणि आत काही फेकू नका, नाणेसुद्धा नको.

लिंब सोडून वाईला मुक्कामाला यावे. राहण्या-जेवण्याची सोय तिथे सहज होते. वाई ही कृष्णेच्या काठची जुनी पेठ. पेशवाईत रास्ते घराण्याने इथे घाट आणि देवळे बांधली. त्यांतले ढोल्या गणपतीचे देऊळ १७६२ सालचे, गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधवलेले. मूर्ती अगडबंब आहे, म्हणूनच ढोल्या. सगळे लोक समोरून दर्शन घेतात आणि परततात. तुम्ही मात्र देवळाला वळसा घालून मागची भिंत अवश्य पाहा. देऊळ अगदी नदीच्या पात्राला लागून आहे, पावसाळ्यात कृष्णेचा लोंढा त्यावर येणार हे बांधणाऱ्याला पक्के माहीत होते. म्हणून त्याने मागची भिंत सरळ न घेता माशाच्या आकाराची, निमुळती केली. पाणी येऊन आदळत नाही, ते दुभागते आणि दोन्ही अंगांनी निघून जाते. आपण शेतात बांध घालतो तो पाण्याला छातीठोक आडवा. सांडव्याची जागा ठेवायला सांगितली तर म्हणतात, तेवढी जमीन वाया जाते. मग मृगाच्या एका पावसात बांध फुटतो आणि पाच वर्षांची माती ओढ्याला जाते. हे मी तीस वर्षे सांगतो आहे. आता पुढच्या खेपेला भाषण करणार नाही, वाईचे तिकीट काढून देणार आहे!

वाईला आणखी एक मान आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी याच गावी राहिले आणि मराठी विश्वकोशाचे काम त्यांच्या देखरेखीखाली याच गावातून चालले. एवढे मोठे काम मुंबई-पुण्यात न होता नदीकाठच्या लहान गावात झाले, हे शाळेत जाणाऱ्या पोरांना जरूर सांगा. माघ-फाल्गुनाच्या सुमारास गेलात तर कृष्णाबाईचा उत्सव सापडेल. एकेका घाटाचा उत्सव पाळीपाळीने होतो. नदीला देवी मानून तिला नैवेद्य दाखवायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच नदीत प्लास्टिकच्या पिशव्या टाकायच्या, हे मात्र आपले आपल्यालाच जमते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेणवली. वाईपासून अवघे तीन किलोमीटर. बायकांना आणि म्हाताऱ्या माणसांनाही रमतगमत जाता येईल. हे नाना फडणवीसांचे गाव. १८०० साली ते वारले. त्यांचा वाडा अजून उभा आहे. एकामागून एक चौक, जाड भिंती, जुनी चित्रे, सागाचे खांब. नानांचे कागदपत्र इथे होते, इतिहासाचे अभ्यासक त्यांना मेणवली दफ्तर म्हणतात. वाडा खासगी मालकीचा आहे, तेव्हा विचारून आत जावे आणि आपल्या घरात पाहुणा जसा वागावा असे आपल्याला वाटते तसे वागावे. वाड्यामागे कृष्णेचा घाट आहे. तो पाहून पोरे म्हणतील, हा तर सिनेमात पाहिला! खरे आहे, २००४ सालच्या 'स्वदेस' चित्रपटातले गाव ते हेच.

घाटावर मेणेश्वर महादेवाचे देऊळ आहे आणि जवळच एका दगडी मंडपीत मोठी घंटा टांगलेली आहे. ती नीट पाहा. तिच्यावर १७०७ साल आहे आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीमातेचे चित्र आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकली, तेव्हा तिथून आणलेल्या घंटांपैकी ही एक. महादेवाच्या दारात मेरीमातेची घंटा! ते चित्र कोणी खरवडून काढले नाही, हे मला फार आवडते.

वेळ राहिला तर पुढे धोम. नरसिंहाचे आणि महादेवाचे देऊळ, आणि पाण्याच्या कुंडात कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी. वरच्या अंगाला कृष्णेवरचे धोम धरण. त्याच्या पाण्यावर खालचे मळे हिरवे झाले, आणि त्याच पाण्याखाली कोणाकोणाचे मळे गेले. धरणाच्या भिंतीकडे पाहताना दोन्ही लक्षात असू द्यावे.

आता माझी चूक सांगतो. इतकी वर्षे सांगितली नाही.

नोकरीला लागून मला दोन-तीन वर्षे झाली असतील. माझ्याकडच्या एका गावात गावठाणाला लागून जुनी बारव होती. लिंबच्या विहिरीएवढी नव्हे, पण घडीव दगडाची, तीन बाजूंनी पायऱ्या, कोनाड्यात शेंदूर फासलेली देवी. गावात नळ आले, शेतात बोअर झाली, बारवेत कचरा पडू लागला. एके दिवशी एका गरिबाची गाभण कालवड आत पडून मेली. ग्रामसभेत गलका झाला. कोणी तरी म्हणाले, साहेबांना विचारा, ते शिकलेले आहेत. मी बी.एस्सी.ची पदवी नुकती खिशात घातलेला. उभा राहिलो आणि सांगितले, "आता बोअर आहेत. ही जागा धोक्याची. मुरूम टाकून बुजवून घ्या." सभेत एक तात्या तेवढे म्हणाले, "साहेब, बहात्तरच्या दुष्काळात हिनंच गाव जगवलं." मी त्यांना समजावणीच्या सुरात उत्तर दिले. काय उत्तर दिले ते आठवते, पण इथे लिहायला लाज वाटते. चार दिवसांत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांनी बारव भरली.

२०१६ च्या उन्हाळ्यात त्या गावाला टँकर लागला. बोअर एकामागून एक कोरड्या पडल्या. टँकर उभा राहायचा त्याच बुजवलेल्या जागेवर, कारण मोकळी सपाट जागा तेवढीच होती. मी पाहणीला गेलो तेव्हा बाया घागरी घेऊन तिथे रांगेत उभ्या होत्या. कोणी मला काही बोलले नाही. बोलले असते तर बरे झाले असते.

बारव असती तर टँकर लागलाच नसता, असे मी म्हणणार नाही. तीही कदाचित आटली असती. पण पावसाळ्यात गावाचे पाणी मुरायला एक जागा होती ती मी बंद केली, आणि उन्हाळ्यात पाण्याची पातळी किती खाली गेली हे पायऱ्या मोजून कोणालाही कळत होते, ते कळायचे बंद झाले. बोअरच्या आत डोकावून काहीच दिसत नाही. पाणी संपते तेव्हाच समजते.

गेल्या हिवाळ्यात त्याच गावची मंडळी सहलीला निघाली. मीच लिंब-वाई सुचवले, मीही बरोबर गेलो. तात्या आता ऐंशीच्या पुढचे. नातवाचा हात धरून लिंबच्या विहिरीच्या पायऱ्या अर्ध्यापर्यंत उतरले, भिंतीला हात लावून उभे राहिले आणि मागे वळून मला म्हणाले, "आपलीबी अशीच होती की, साहेब." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो आणि ग्रामसभेतल्या उत्तराबद्दल त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "ते जाऊ द्या. उकरता येईल का, ते सांगा."

अलीकडे राज्यात ठिकठिकाणी तरुण पोरे अशा जुन्या बारवा साफ करतात, महाशिवरात्रीला पायऱ्यांवर दिवे लावतात. पण साफ करणे वेगळे आणि बुजवलेली उकरणे वेगळे. यंत्राच्या एका फटक्यात पायऱ्यांचे दगड निखळतात. म्हणून या वेळी मी शिकलेपणा न करता सांगितले की, जुन्या बांधकामाची जाण असलेल्या माणसाला आधी आणून दाखवू, तोवर कोणी यंत्र लावू नये. वरचा मुरूम माणसांनी टोपल्यांनी काढायचा आणि पहिली पायरी लागली की थांबायचे. तिथे देवी आहे, तेव्हा बायका आधी ओटी भरणार आहेत.

तुमच्या गावात अशी बारव असेल, भरलेली वा उघडी, तर मला कळवा. पत्रात खोली, पायऱ्यांच्या बाजू आणि शेवटचे पाणी कोणत्या साली पाहिले एवढे लिहा. लिंबला जाल तेव्हा बरोबर दोरी न्या आणि थारोळ्यापासून धावेच्या टोकापर्यंतची लांबी मोजून आणा. आमच्या तात्यांनी ती पावलांनी मोजली आहे, पण आकडा मला सांगत नाहीत. म्हणतात, तुम्हीच जाऊन मोजा.