दुबईची शांतता

सप्टेंबर २०२० च्या करारानंतर दुबईला जाणे आम्हांस सोपे झाले. अश्दोद-दिमोनाहून आपण जातो, मुंबई-ठाण्याचे आप्तेष्ट तेथे भेटतात. ह्याचा आनंद आम्हांसही आहे. परंतु परतलेले आमचे बंधु-भगिनी एक पालुपद घेऊन येतात: "तेथे कशी शांतता! वर्तमानपत्रांत भांडण नाही, टीव्हीवर आरडाओरड नाही. संकटात असेच हवे." ह्या बोलण्याला आमचा विरोध आहे.

१७ जानेवारी २०२२ रोजी हुथींनी अबुधाबीवर ड्रोन व क्षेपणास्त्रे सोडली. मुसफ्फा येथील तेलाच्या आगारात तिघे ठार झाले. दोघे भारतीय, एक पाकिस्तानी. पोटासाठी गेलेली माणसे! आठवड्याने पुन्हा क्षेपणास्त्रे आली, ती आकाशात पाडली गेली. लोकांनी त्याचे चित्रण करून पसरविले, तर सरकारी वकिलांनी त्यांना चौकशीस बोलाविले. कायदा नुकताच, २ जानेवारीस, लागू झालेला. खोटी बातमी वा अफवा पसरविल्यास निदान एक वर्ष कैद व एक लाख दिरहाम दंड. संकटकाळ असल्यास दोन वर्षे व दोन लाख.

खोटे पसरविणाऱ्यास शिक्षा नको असे आम्ही म्हणत नाही. क्षेपणास्त्र नेमके कोठे पडले हे शत्रूस कळू नये, हेही आम्हांस कोणी शिकवायला नको. आम्ही सायरनखाली रात्री काढल्या आहेत. पण आकाशातला धूर खोटा नव्हता. खरे-खोटे ठरविणारा एकटा सरकारी वकील उरला की वार्ताहर आधी गप्प होतो. मग ज्या बाईचा मुलगा मुसफ्फात कामाला आहे, तिला कुजबुजीवाचून दुसरा आधार राहत नाही. अफवा पोसते ती तेथेच.

आणि हे अरबांचेच, असे म्हणून आपली सुटका नाही. जुन्या मंडळींस १९८४ सालचे ३०० नंबरच्या बसचे प्रकरण आठवत असेल. अपहरण करणारे चौघेही बसवरील कारवाईत मेले असे सांगण्यात आले होते. 'हदाशोत' पत्राच्या छायाचित्रकाराच्या फोटोत मात्र त्यांतला एक जिवंत दिसत होता. सेन्सॉरने फोटो रोखला. चौकशी समितीची बातमी त्यास न दाखविता छापली म्हणून ते पत्र काही दिवस बंद ठेवले. दोघांना पकडल्यावर मारले होते, हे पुढे उघड झालेच.

मे २०२४ मध्ये अल जझीरा बंद केले तेव्हा आमच्यातील कितीतरी जण "बरे झाले" म्हणाले. त्या वाहिनीचे आम्हांसही प्रेम नाही. परंतु निर्णय आधी मंत्रिमंडळाने घेतला, न्यायालयाने तो नंतर पाहिला. हा क्रम उलट हवा होता, असे आम्ही तेव्हाही म्हणत होतो व आजही म्हणतो.