पथ्य फक्त कामगारालाच का?



आरोग्य शिबिरात आपल्याला बजावले जाते : रोज चाला, वेळेवर जेवा, पुरेसे झोपा, तंबाखू सोडा. सल्ला खरा आहे. पण तो अर्धाच आहे. 1953 साली डॉ. जेरी मॉरिस यांनी लंडनमध्ये दाखवून दिले की, दुमजली बसचे जिने चढणाऱ्या कंडक्टरांपेक्षा बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार अधिक. टपाल वाटणाऱ्या पोस्टमनपेक्षा खुर्चीवरच्या कारकुनांना अधिक. म्हणजे हृदय केवळ सवयींनी नव्हे, कामाच्या पद्धतीनेही बिघडते!

मग लागोपाठ रात्री गाडी चालवणाऱ्या लोको पायलटने झोप आणायची कुठून? आठवड्याला 55 तास किंवा अधिक काम केल्यास हृदयविकाराने मरण्याचा धोका 35 ते 40 तास काम करणाऱ्यांपेक्षा 17 टक्क्यांनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना व आयएलओ यांनीच 2021 साली सांगितले. 1973 साली लोको कामगारांनी 10 तासांच्या ड्युटीसाठी संप केला. ती लढाई हृदयाचीही होती.

तंबाखूची पुडी आपण आजच फेकू, ती आपली जबाबदारी. पण रिकाम्या जागा भरणे, पुरती विश्रांती, रनिंग रूममध्ये वेळेवर ताजे जेवण ही प्रशासनाची जबाबदारी. पथ्य कामगाराला आणि मोकळीक प्रशासनाला, हे चालणार नाही!