गाणं लागत नाही की ओ!

बेळगावहून भाजीच्या गाड्या आल्या नाहीत की गोव्यातल्या गृहिणींचा जीव खालीवर होतो. त्याच रस्त्याने मराठीही येते, हे मात्र आपण सोयीस्करपणे विसरतो. माझी एक मावशी कडोलीला दिलेली, म्हणून चोर्ल्याचा घाट मला लहानपणापासून पाठ. कडोली म्हणजे बेळगावजवळचं ते गाव, जिथली माणसं दरवर्षी मराठी साहित्य संमेलन भरवतात. सरकारदरबारी भाषेला थारा नसताना भरवतात, याला मी तरी मोठी गोष्ट मानतो.

पण आज भांडायचं आहे ते याच माझ्या माणसांशी.

2004 साली महाराष्ट्र सरकार सीमाप्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात उबुंटू या लिनक्सची पहिली आवृत्ती निघाली आणि लोहित नावाचे मोफत भारतीय फॉन्टही त्याच साली आले. पहिली बातमी कडोलीत घरोघर पोचली. उरलेल्या दोन पोचवायच्या म्हणून मी निघालो! उबुंटूवाले तेव्हा जगभर पोस्टाने फुकट सीडी पाठवत (2011 साली ते बंद झालं). मी गठ्ठाच मागवला होता. मावसभावाचं डीटीपीचं दुकान. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, संमेलनाच्या दिवसांत स्मरणिकेची पानं. विंडोज अर्थातच चोरीची, पेजमेकर चोरीचा, मराठी फॉन्ट तर चोरून आणलेल्याची पुन्हा नक्कल. मी दुपारभर बसून उबुंटू घातली आणि स्वातंत्र्यावर तासभर प्रवचन झोडलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि एका हिंदी गाण्यावर टिचकी मारली.

"दादा, गाणं लागत नाही की ओ!"

लागणार कसं? एमपीथ्रीवर पेटंटं होती. जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेकडून परवाना घ्यावा लागे, म्हणून ती सोय उबुंटूच्या सीडीत नसे. नेटवरून वेगळी उतरवावी लागे, आणि दुकानात नेट नव्हतं. ऑग व्हॉर्बिस नावाचा मुक्त पर्याय आहे, असं मी सांगू लागलो. तो म्हणाला, "त्यात गाणी कोण देतंय?" संध्याकाळी मी चहा पिऊन येईपर्यंत चोरीची विंडोज परत बसली होती.

त्या दिवशी चूक माझी होती, हे मान्य. दिवसभर राबणाऱ्याला कंप्युटरवर गाणं हवं असतं, तत्त्वज्ञान नको. पण एमपीथ्रीचे परवाने फ्राउनहोफरने 2017 च्या एप्रिलमध्ये बंद केले, पेटंटं सरली. आता लिनक्सवर 'सैराट' वाजतं आणि कुमारांचं निर्गुणी भजनही वाजतं. (कुमार गंधर्व याच मुलखातले, सुळेभावीचे.) मग आता कोणती सबब?

सबब एकच: फुकटचं म्हणजे हलकं. इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दाने घोळ होतो म्हणून रिचर्ड स्टॉलमन चाळीस वर्षं घसा कोरडा करून फरक समजावतोय. आपल्याकडे 'फुकट' आणि 'मुक्त' असे दोन लख्ख शब्द असून आपण घोळ घालतो. आणि मुक्त म्हणजे काय हे कडोलीला मी सांगायचं? भजनात बसणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा. अभंग कोणीही म्हणावा, आपापली चाल लावावी, पुढच्याला शिकवावा. 'तुका म्हणे' तेवढं पुसायचं नाही. जीएनयूचा परवाना याहून फार वेगळं बोलत नाही. वापरा, उघडून बघा, बदला, वाटा. वाटताना पुढच्यालाही तीच मोकळीक द्या, मूळ कर्त्याचं नाव ठेवा. सिनेमाचं गाणं तसं नसतं, त्याचे पैसे ज्याचे त्याला मिळायला हवेत. पैसे द्यायचे नसतील तर मुक्त आहे ते घ्या. पण आपल्याला ना दाम मोजायचा, ना मोकळीक घ्यायची. चोरीचं मात्र गोड लागतं.

कोणी म्हणेल, वाहिन्यांवर सगळं मिळतं आता, हा जुना वाद कशाला? मागच्या खेपेला भावाने जुनी सीडी काढली, वीसेक वर्षांपूर्वीची पानं होती. गावातल्याच माणसांच्या कविता, एक लांब लेख. उघडलं तर पडद्यावर रोमन अक्षरांची भेळ. ते फॉन्ट देवनागरीचं चित्र दाखवायचे, खाली साठवायचे इंग्रजी अक्षरांचे आकडे. फॉन्ट गेला की मजकूर गेला. तो फॉन्ट चोरीचा, त्यामुळे विचारायचं कोणाला? छापील प्रत वाळवीने खाल्लेली. लेख लिहिणारे गृहस्थ आता नाहीत.

युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून आहे. विंडोजमध्येही 2000 पासून मंगल फॉन्ट आहे, म्हणजे लिनक्सचा हट्टसुद्धा मी सोडायला तयार आहे. मांडणीच्या मुक्त प्रणालीत अगदी अलीकडेपर्यंत जोडाक्षरं फुटत, हेही खरं. पण निदान मूळ मजकूर लिब्रेऑफिसमध्ये, युनिकोडमध्ये ठेवायला काय हरकत होती? मराठीच्या नावाने मोर्चे काढणाऱ्यांनी मराठी साठवायची कशात, याचा विचार करू नये? (गोव्यातल्यांनी हसू नये. आपल्याकडच्या किती मासिकांच्या फायली उघडतात, सांगा पाहू.)

1977 साली व्हॉयेजर यानातून आपल्या केरीच्या केसरबाईंची भैरवी अंतराळात गेली. त्या तबकडीसोबत सुई पाठवली आहे आणि ती कशी, किती वेगाने वाजवायची याची चित्रं वेष्टनावर कोरली आहेत. ऐकणारा कोण असेल ठाऊक नाही, पण त्याच्याकडे आपलं यंत्र नसणार, एवढं गृहीत धरून.

भाऊ आता ती पानं फॉन्ट बदलून देणाऱ्या एका मोफत साधनातून काढून बघतोय. अर्धी अक्षरं जुळतात, रफार कुठल्या कुठे जाऊन बसतो. दोन कविता मी हाताने दुरुस्त करून घेतल्या. लेखाची तीन पानं अजून लागायची आहेत.