आरास कचेरीची, मस्करी महालाची

गणेशचतुर्थी जवळ आली की कचेऱ्याकचेऱ्यांतून एक परिपत्रक फिरू लागते. श्रींच्या उत्सवानिमित्त शाखानिहाय आरास-स्पर्धा घेण्यात येत आहे, सर्वांनी नोंद घ्यावी. सर्वजण नोंद घेतात, सही करतात, वर्गणीही देतात. आणि मग प्रत्येक शाखेपुढे एकच प्रश्न उभा राहतो, करावयाचे काय? कैलास मागील वर्षी झाला, राजवाडा त्याच्या मागील वर्षी. अशा वेळी एखादा तरुण कर्मचारी 'यंदा काही विनोदी करू या' असे सुचवितो, आणि कोपऱ्यातील वडीलधारे गृहस्थ चष्म्यावरून पाहत म्हणतात, 'देवापुढे थट्टा?'

ही शंका आम्हांस क्षुल्लक वाटत नाही. ज्या घरांत सोवळ्याने नैवेद्य रांधला जातो, त्या घरांतील माणसांनी ती विचारावीच. मात्र तिचे उत्तर शोधण्यास नागपूरकरांना महालाबाहेर जावयास नको.

परंपरा अशी सांगते की, नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यातील खंडोजीराजे उर्फ चिमणाबापू बंगालच्या स्वारीतून विजयी होऊन परतले, तेव्हा घरच्या गणपतीचे विसर्जन होऊन गेले होते. विजयाचा आनंद तर देवासमोरच व्हावयास हवा! म्हणून पितृपक्षातील संकष्टी चतुर्थीस पुन्हा गणपतीची स्थापना झाली आणि त्याच्यापुढे नकला, लावण्या, खडी गंमत यांना मोकळीक मिळाली. ही प्रथा १७५५ सालापासूनची मानली जाते. हडपकात, म्हणजे पितृपक्षात, बसतो म्हणून तो हडपक्या, आणि मस्करीत रमतो म्हणून मस्कऱ्या. ज्या पंधरवड्यात आपण शुभकार्याचे नाव काढीत नाही, त्याच पंधरवड्यात महालातील भोसल्यांच्या वाड्यात हास्याला पाट मांडून दिला गेला. देवाचे नावच मस्कऱ्या पडले, आणि कोणाच्याही भक्तीला त्याने बाध आला नाही.

चतुर्थीच्या आधीही तेच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जुन्या नागपुरातून काळी व पिवळी मारबत निघते. काळीची परंपरा १८८१ सालापासूनची, पिवळीची १८८५ पासूनची. त्यांच्यासमवेत निघणारे बडगे महागाईपासून भ्रष्टाचारापर्यंत सर्वांची यथेच्छ टर उडवितात. म्हणजे श्रींच्या आगमनापूर्वी तीन दिवस हे शहर हसते, आणि अनंत चतुर्दशीनंतर चार-पाच दिवसांत पुन्हा हसावयास बसते. मधल्या दहा दिवसांतच ओठ घट्ट मिटून बसावे, असे कोणत्या शास्त्रात सांगितले आहे? पथ्य एवढेच, की मस्कऱ्यापुढे मस्करी होते, मस्कऱ्याची नव्हे. मूर्ती, पूजा, आरती, नैवेद्य हे सर्व यथासांग असावे. विनोद असावा तो भोवतालच्या आराशीत. आणि तो आपल्यावर, आपल्या टेबलावर, आपल्या खुर्चीवर.

कचेरीला तर विषय शोधावाच लागत नाही, कारण श्रीगजानन हे आद्य लेखनिक. व्यासांनी सांगावे व गणेशाने लिहावे असे ठरले, तेव्हा लेखणी क्षणभरही थांबू देणार नाही, ही गणेशाची अट होती; आणि अर्थ उमगल्याखेरीज अक्षर लिहावयाचे नाही, ही व्यासांची. आमच्या कचेऱ्यांनी या दोन्ही अटी सोयीस्करपणे विसरून टाकल्या आहेत. हाच देखावा मांडावा : एका बाजूस व्यास-गणेश, आणि दुसऱ्या बाजूस आपले रिकामे टेबल, खुर्चीच्या पाठीवर कोट, आणि पाटी, 'साहेब आत्ताच चहाला गेले'.

याहून सरस कल्पना प्रवासभत्त्याची. माता-पित्यांनी पृथ्वीप्रदक्षिणेची पैज लावली, तेव्हा कार्तिकेय मोरावर बसून निघाले आणि गजाननांनी माता-पित्यांनाच प्रदक्षिणा घातली. आता कार्तिकेयांचे देयक लेखाशाखेकडे आले आहे असे कल्पावे. समुद्रामागून समुद्र, पर्वतामागून पर्वत, अंतर कोसांत. आणि खाली लाल शाईत शेरा, 'मोर हे मान्य वाहन नाही. तिकिटे जोडलेली नाहीत. मुक्कामाच्या पावत्या सादर कराव्यात.' शेजारी गजाननांचे देयक, रकमेच्या रकान्यात एकच शब्द, 'निरंक'. त्यावर लेखाशाखेचा शेरा : 'संशयास्पद. फेरतपासणी व्हावी.' हा देखावा पाहून अधिकारी हसतील, लेखापालही हसतील, आणि एखाद्या फिरतीवरील निरीक्षकाचे हसू मध्येच थांबेल. तो थांबला, की आरास साधली!

उंदीरमामांना आवक-जावक शाखा द्यावी. साऱ्या फायली निजलेल्या. जिच्यावर मोदक ठेवला आहे तीच तेवढी चाके लावून पळते आहे. पाटी मात्र ठळक असावी, 'मोदक केवळ श्रींसाठी'. चित्रगुप्तांना लेखापरीक्षणास, कुंभकर्णाला रजेच्या अर्जास बसवावे. पुढचे ज्याचे त्याने रचावे.

साहित्याची चिंता नको. २०१८ साली महाराष्ट्रात थर्माकोलवर बंदी आली, ती कचेऱ्यांच्या पथ्यावरच पडली आहे. लाल फीत, बाद झालेल्या नोंदवह्यांचे पुठ्ठे, जुनी कॅलेंडरे, शिक्के मारून मारून झिजलेली गादी. एवढी काळजी घ्यावी, की कैलास रचावयाचा तो 'ड' वर्गाच्या, मुदत संपलेल्या आणि रीतसर बाद केलेल्या कागदांचा. चुकून 'अ' वर्गाचे अभिलेख लागले, तर तो कैलास कायमस्वरूपी जतन करावा लागेल.

परीक्षकांना मात्र आमचे दोन शब्द कठोर आहेत. कंत्राटदाराकडून भाड्याने आणलेल्या झगमगाटाला पहिले पारितोषिक देऊ नये. त्यात शाखेची मेहनत ती काय, पैसे मोजण्याची. महालातील चितार ओळीत मूर्तिकारांचे हात महिनोन्‌महिने मातीत असतात. त्या मूर्तीभोवतीची आरास आपल्या हातांनी चार संध्याकाळीही करू नये? आणि हसू कोणावर आहे, ते तपासावे. शिपायाचे तोतरे बोलणे, कोणा भगिनीचे वय, कोणाची जात वा भाषा यांवर बेतलेली आरास कितीही हशा पिकवो, तिला गुण नसावेत. रात्री दहापर्यंत शिडीवर चढून माळा बांधणारा बहुधा तो शिपाईच असतो, आणि पारितोषिक घेताना छायाचित्रात तोच नसतो. त्याला मधोमध उभे करावे.

महालातली आमची जी मुले मिहानमधील संगणक-कंपन्यांत नोकरीस जातात, त्यांच्यापुढे डिसेंबरात नाताळच्या सजावटीचाही प्रश्न येतो. त्यांनाही हेच सांगणे. गव्हाणीतील बाळ शेजाऱ्यांचे दैवत. तेथे हात जोडावेत. विनोद करावयाचा तो स्वतःच्या टेबलाचा. न संपणाऱ्या कामाच्या याद्या त्या हिरव्या झाडाला टांगल्या, तर झाडही वाकेल.

राहता राहिली परवानगी. विनोदी आराशीचा प्रस्ताव शाखेतून वर जाईल, वरून अभिप्रायार्थ खाली येईल, आणि चतुर्थीच्या आत मंजूर होणार नाही, हे आम्ही गृहीत धरतो. संबंधितांनी निराश होऊ नये. संकष्टीला वाड्यात मस्कऱ्या बसतो. तेवढ्या अवधीत कागद हाती आला तर उत्तमच. न आला, तर तो अडकलेला प्रस्तावच मखरात मांडावा, टिपणीसह.