जिंकलो, पण रक्तदाब चढलेलाच

१० डिसेंबर २०२२ चा शनिवार. सकाळी साडेनऊला दवाखाना उघडला तर बाकावर नेहमीचे म्हातारे पेशंट कमी आणि तरणी पोरे जास्त. दोघांच्या अंगात आकाशी-पांढऱ्या पट्ट्यांची जर्सी तशीच. डोळे तांबारलेले, घसे बसलेले. एकाचे डोके ठणकत होते, एकाला पित्त झाले होते, एकाला नुसतेच ‘बरं वाटंना’. रात्री साडेबाराला सुरू झालेला अर्जेंटिना-नेदरलँड्स सामना पहाटे तीन वाजून गेल्यावर सुटला होता आणि अर्जेंटिना जिंकली होती. म्हणून मी सहज विचारले, “अरे, जिंकलात ना? मग तोंडं अशी का?”

“जिंकलो वो डॉक्टर, खरं मजा न्हाई आली. असलं जिंकून काय उपेग?”

(नोकरीनिमित्त बाहेरच्या जिल्ह्यातून आलेल्या वाचकांसाठी सांगतो, आपल्याकडे ‘खरं’ म्हणजे ‘पण’.)

आपला जिल्हा फुटबॉलवेडा आहे हे वेगळे सांगायला नको. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींच्या नावाने संघ उतरतात आणि शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठेतली दुकाने अर्धी ओस पडतात. विश्वचषक आला की गल्लीगल्लीत अर्जेंटिना आणि ब्राझीलचे झेंडे लागतात. तेव्हा कतारमधल्या सामन्याचा ताप आमच्या दवाखान्यात उतरावा यात नवल नाही. नवल वाटले ते याचे, की तो जिंकल्यावर उतरला.

ज्यांनी सामना पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पस्तिसाव्या मिनिटाला मोलिनाचा गोल, त्र्याहत्तराव्याला मेस्सीची पेनल्टी, दोन-शून्य. खेळ जवळजवळ संपला. त्र्याऐंशीव्या मिनिटाला नेदरलँड्सच्या वेगहोर्स्टने एक गोल फेडला. पंचांनी दहा मिनिटे वाढीव दिली आणि तीही उलटून अकरावे मिनिट चालू असताना एका फ्री किकवर सगळ्यांना चकवून त्याच वेगहोर्स्टने बरोबरी केली. पुढे जादा वेळ, पिवळ्या कार्डांचा पाऊस, मग पेनल्टी. गोलरक्षक मार्टिनेझने दोन अडवल्या म्हणून अर्जेंटिना ४-३ अशी तरली. जिंकल्यावर खुद्द मेस्सीसुद्धा इतका तापलेला होता, की मुलाखत देता देता मध्येच थांबून समोरच्या संघातल्या खेळाडूवर डाफरला. जिंकलेल्या कप्तानाची ही गत, मग आमच्या बाकावरच्या पोरांचे काय?

मला वाटते, चाहता गोल मोजत नाही. आपल्याला जे मिळणार असे मनात धरले होते ते किती मिळाले, हे तो मोजतो. अठरा मिनिटांत खिशातला विजय निसटताना पाहिला, की नंतर तो परत हातात आला तरी भोक पडलेल्या खिशाचीच आठवण राहते. हे आपल्याकडचेच नाही. १९९४ साली ब्राझीलने चोवीस वर्षांनी विश्वचषक जिंकला, तोही गोलशून्य सामन्यानंतर पेनल्टीवर, आणि त्यांच्याच देशात ‘हा काय आपला खेळ?’ म्हणून नाराजी होती. २०२४ च्या युरो स्पर्धेत इंग्लंड आपल्या गटात पहिले आले, तरी स्लोव्हेनियाशी गोलशून्य बरोबरी झाल्यावर त्यांच्याच चाहत्यांनी प्रशिक्षक साउथगेटच्या दिशेने प्लॅस्टिकचे पेले फेकले. पाच दिवसांनी स्लोव्हाकियाविरुद्ध पंचाण्णवाव्या मिनिटापर्यंत मागे राहून इंग्लंड कसेबसे २-१ जिंकले, तेव्हाही आनंदापेक्षा चडफडाटच जास्त होता.

असो. मी क्रीडासमीक्षक नाही. माझा संबंध त्या चडफडाटाचे शरीरात काय होते याच्याशी आहे.

आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल नावाच्या दोन लहान ग्रंथी असतात. जीव टांगणीला लागला की त्या ॲड्रिनलिन सोडतात. नाडी जलद होते, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, रक्तातल्या प्लेटलेट्स चिकट होतात. पाठोपाठ कॉर्टिसॉल येते, ते जरा रेंगाळणारे. ही सगळी तयारी पळण्याची किंवा लढण्याची. मैदानावरचा खेळाडू ती पळून खर्च करतो. आपण पलंगावर मांडी घालून, तोंडात मावा धरून, ती साठवत बसतो. तीन-शून्यने जिंकलो तर तिसऱ्या गोललाच ‘हुश्श’ होते आणि शरीर हळूहळू मूळ पदावर येते. साफ हरलो तर दुःख होते, पण निकाल लागतो. रखडत मिळालेल्या विजयात मात्र हुश्श होतच नाही. सामना सुटला तरी डोक्यात तो फ्री किक पुन्हा पुन्हा चालू राहतो. गाय रवंथ करते तसे आपण रागाचे रवंथ करतो, आणि मन रवंथ करते तोवर रक्तदाबालाही खाली यायची घाई नसते.

माझाच अनुभव सांगतो. मी ब्राझीलवाला. २८ जून २०१४ ला ब्राझीलने चिलीला पेनल्टीवर हरवले. एकशेविसाव्या मिनिटाला चिलीचा फटका आडव्या खांबावर आदळला नसता तर खेळ खलास होता. जिंकल्यावर मी तासभर घरात येरझारा घालत होतो आणि ताट वाढून वाट पाहणाऱ्या सौभाग्यवतींना काहीतरी टाकून बोललो. मग कुतूहल म्हणून स्वतःचा रक्तदाब घेतला: १६८/१०४. सकाळी तो १३८/८८ होता. पुढे उपांत्य सामन्यात जर्मनीने ७-१ असे धुतले, त्या रात्री अर्ध्या तासात पाच गोल झाल्यावर मी टीव्ही बंद केला आणि गाढ झोपलो. हरल्यावर झोप आणि जिंकल्यावर येरझारा!

एका डॉक्टरच्या रक्तदाबावरून शास्त्र ठरत नाही, म्हणून मोठे आकडे देतो. २००६ चा विश्वचषक जर्मनीत झाला. म्युनिक आणि आसपासच्या भागात हृदयाच्या तक्रारीने तातडीची मदत घ्यावी लागलेल्या रुग्णांची मोजणी झाली आणि २००८ मध्ये ती ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसीन’मध्ये छापून आली. जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी हे प्रमाण इतर दिवसांच्या २.६६ पट होते, पुरुषांत ३.२६ पट. सर्वाधिक धोका सामना सुरू झाल्यापासूनच्या पहिल्या दोन तासांत. आता ध्यानात घ्या, त्या स्पर्धेत जर्मनी सातपैकी एकच सामना हरली होती. म्हणजे नुसते जिंकणे हे काही कवचकुंडल नव्हे. याउलट १२ जुलै १९९८ ला फ्रान्सने ब्राझीलवर ३-० असा स्वच्छ विजय मिळवला, त्या दिवशी फ्रेंच पुरुषांत हृदयविकाराच्या झटक्याने होणारे मृत्यू कमी झाल्याचे तिथल्या संशोधकांना आढळले. एका दिवसाच्या आकड्यावर मी इमला बांधणार नाही, पण माझ्या समजुतीशी तो जुळतो खरा.

त्या शनिवारी पित्ताची तक्रार घेऊन आलेला पेशंट पोरगा नव्हता. चाळिशी ओलांडलेला, मोबाईल दुरुस्तीचे दुकान चालवणारा, तंबाखू खाणारा. छातीत जळजळ कधीपासून, विचारले तर म्हणाला, “बरोबरी झाली न्हवं का, तवापास्नं.” म्हणजे रात्री अडीचच्या सुमारापासून. मला दाखवायला आला सकाळी दहाला. घाम येत होता, डावा खांदा भरून आला होता. इ.सी.जी. काढला आणि सरळ १०८ ची गाडी बोलावून कोल्हापूरला पाठवला. त्याचे दैव बलवत्तर म्हणून वाचला. नंतर बायको सांगत होती, “रात्रभर छाती चोळत बसल्यालं बघितलं मी. मला वाटलं मॅचचा राग हाय.” तो हरला असता तर तिने चौकशी तरी केली असती. जिंकलेल्या माणसाला ‘काय होतंय’ म्हणून कोण विचारतो?

माझे भांडण इथे आहे. पराभवाच्या रात्री घरचे जपून असतात, मुले गप्प असतात, कोणीतरी पाण्याचा तांब्या आणून देते. असल्या विजयाच्या रात्री सगळे बेसावध. इंग्लंडमध्ये लँकेशायर पोलिसांकडे आलेल्या घरगुती मारहाणीच्या तक्रारी २००२, २००६ आणि २०१० च्या विश्वचषकांच्या काळात तपासल्या गेल्या. इंग्लंड हरले त्या दिवशी तक्रारी ३८ टक्क्यांनी वाढलेल्या होत्या. हे कोणीही ओळखेल. पण जिंकले किंवा बरोबरीत सुटले त्या दिवशीही त्या २६ टक्क्यांनी वाढल्या होत्या.

त्याच शनिवारी संध्याकाळी एक बाई अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. डावा कान दुखतो, ऐकू कमी येते. “न्हाणीत घसरला,” असे त्या म्हणाल्या. कानात बघितले तर पडद्याला चीर आणि कडेला वाळलेले रक्त. घसरून पडलेल्या मुलाला कुठे खरचटलेले असते, सुजलेले असते. याला काही नव्हते. अंगावर काही नसताना एकाच कानाचा पडदा फाटतो तो बहुधा उघड्या पंजाच्या थपडेने, हे तीस वर्षे व्यवसाय केलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. मी काही बोललो नाही. कानात थेंबभर पाणी जाऊ द्यायचे नाही, तेल घालायचे नाही, नाक जोरात शिंकरायचे नाही, बहुतेक वेळा पडदा आपणहून भरून येतो, पंधरा दिवसांनी दाखवा, एवढे सांगून पाठवले.

तिसऱ्या दिवशी वडील एकटेच आले. गृहस्थ सरळमार्गी, दारूच्या थेंबाला न शिवणारे. सामना सुटल्यावर ते टीव्हीसमोर पुटपुटत उभे होते. आवाजाने मुलगा उठला आणि बापाचा चेहरा बघून त्याने विचारले, “पप्पा, हरलो का?” एवढेच. “आणि आम्ही तर जिंकलो हुतो वो डॉक्टर,” असे ते दोनदा म्हणाले.

काही वाचक म्हणतील, मग काय फुटबॉल बघायचा नाही? असे मी मुळीच म्हणत नाही. कुरकुर करायलाही माझी ना नाही. शाहू स्टेडियमवरून सामना सुटल्यावर लोक चालत, भांडत, गोलकीपरच्या सात पिढ्यांचा उद्धार करत घरी जातात. वाटेत एक चहा होतो, कोणीतरी चेष्टा करतो, दोन किलोमीटर चालणे होते. घर येईपर्यंत निम्मा राग रस्त्यावर सांडलेला असतो. ही कुरकुर औषधी आहे. वाईट ती पहाटे तीनची, एकट्याची, अंधाऱ्या खोलीत मोबाईलवर तोच गोल दहादा बघत केलेली. तेव्हा असला सामना सुटला की आधी टीव्ही आणि मोबाईल दोन्ही बंद करा, चप्पल घालून गल्लीत दहा-पंधरा मिनिटे फिरा, पाणी प्या. घरच्यांशी बोलणे सकाळवर ठेवा.

ज्यांना रक्तदाब, मधुमेह आहे किंवा आधी झटका येऊन गेला आहे, त्यांनी आणखी एक बघावे. रात्र जागली की सकाळची गोळी दुपारी जाते किंवा जातच नाही. २०२६ च्या विश्वचषकाचे यजमान अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको. तिथली संध्याकाळ म्हणजे आपली पहाट. असल्या वेळापत्रकात गोळीचा गजर सामन्याच्या गजरापेक्षा महत्त्वाचा. छातीत दाब, जड वाटणे, दुखणे हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीत जाणे, घाम, धाप यांपैकी काही पंधरा-वीस मिनिटांत थांबले नाही तर सोडा पिऊन सकाळची वाट बघू नका आणि स्वतः मोटारसायकलला किक मारू नका. १०८ ला फोन करा. मधुमेह्यांना तर दुखल्याशिवायही झटका येतो, नुसता घाम आणि अशक्तपणा. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन पहिल्या काही तासांत जेवढे लवकर मिळेल तेवढा हृदयाचा स्नायू वाचतो. पेनल्ट्या संपेपर्यंत थांबाल तर तेवढा स्नायू गेला.

त्या मुलाला जानेवारीअखेर पुन्हा पाहिले. वडीलच घेऊन आले होते. पडदा छान भरून आला होता, घड्याळाची टिकटिक दोन्ही कानांनी ऐकू येत होती. मध्यंतरी १८ डिसेंबरला अर्जेंटिनाने फ्रान्सविरुद्ध पुन्हा दोन गोलांची आघाडी घालवून, पुन्हा पेनल्टीवरच विश्वचषक जिंकला होता. मी गमतीने विचारले, “काय रे, फायनल बघितलीस का?”

“बघितली.”

“पप्पांबरोबर?”

“न्हाई. आजीकडं. आजी झोपली हुती.”

वडील शेजारी उभे होते. मी कागदावर ‘कान बरा’ असे लिहिले.